पाच मिनिटं मागून: वेस्ली कोरिर आणि अपक्ष उमेदवारी

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर आमचा धावण्याचा गट पहाटे सव्वापाचला जमतो. मागच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी लांब पल्ल्याचं धावणं आटोपून पोरं कट्ट्यावर पाय पसरून बसली होती. कुणी केळं सोलत होतं, कुणी बुटातले खडे झटकत होतं. एक मुलगा मात्र उभाच होता. तो पुरंदर तालुक्यातला. घरी अंजिराची आणि सीताफळाची बाग, आणि तो स्वतः क्रीडा कोट्यातून पोलिसात भरती झालेला. म्हणाला, "मॅडम, गावात निवडणूक लागतीये. सरपंचपद यंदा खुलं आहे. दोन्ही पॅनेलवाले घरी येऊन गेले. आबांना म्हणाले, पोराचं नाव आहे, पेपरात फोटो येतो, खर्चाचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त हो म्हणा." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "पळणाऱ्या माणसाला हे जमतं का हो?"

मी लगेच काही बोलले नाही. हो म्हणणं सोपं होतं आणि नको म्हणणं त्याहून सोपं. पण प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर माझ्या मतापेक्षा कुणाच्या तरी प्रत्यक्ष अनुभवात शोधायला हवं होतं. पुढच्या तीन आठवड्यांत मी केनियाचा मॅरेथॉन धावपटू आणि माजी खासदार वेस्ली कोरिर याचं प्रकरण नीट मांडून काढलं आणि तीन रविवार आम्ही गटात त्यावर बोललो. हे लिखाण त्यातूनच आलं आहे.

हाच माणूस का निवडला, ते आधी सांगते. खेळाडू राजकारणात गेल्याची उदाहरणं आपल्याकडेही आहेत. 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत 800 आणि 1500 मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकणाऱ्या ज्योतिर्मयी सिकदर 2004 मध्ये पश्चिम बंगालमधून लोकसभेत गेल्या. पी. टी. उषा यांची 2022 मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. पुण्यातही खेळ आणि राजकारण कायम शेजारी नांदले आहेत. इथली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 मध्ये सुरू केली ती सुरेश कलमाडींनी. पण सिकदरांमागे पक्षाची यंत्रणा होती, उषांना मतं मागायची नव्हती, आणि कलमाडी राजकारणातून खेळाच्या प्रशासनात आलेले. आमच्या मुलाचा प्रश्न या तिघांच्या वाटेवरचा नव्हता. त्याला दोन पॅनेलांपैकी कुणाचं तरी होऊन उभं राहायचं, की स्वतःच्या बळावर, हे ठरवायचं होतं. कोरिर केनियाच्या संसदेत पोचला तो अपक्ष म्हणून, आणि खासदार असतानाही तो जगातल्या मोठ्या शर्यतींत पहिल्या पाचांत येत राहिला. असं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

शिकागोत मागच्या रांगेतून

दर डिसेंबरात पुण्याच्या रस्त्यावर केनियाचे धावपटू पळताना आपण बघतो आणि सहज म्हणून जातो, यांच्या रक्तातच आहे. या एका वाक्यानं त्यांचं निम्मं आयुष्य पुसलं जातं. कोरिरचा जन्म 1982 चा. पश्चिम केनियात किताले गावाच्या बाजूला, चेरांगानी भागात तो वाढला. मक्याचा पट्टा आहे हा. घरची गरिबी होती, दवाखाना लांब होता, आणि लहान भाऊ सापाच्या दंशानं गेला. ही गोष्ट पुढे त्याच्या प्रत्येक निर्णयात डोकावते. धावण्याच्या जोरावर तो शिकायला अमेरिकेत गेला, केंटकीतल्या लुईव्हिल विद्यापीठातून 2008 मध्ये जीवशास्त्राची पदवी घेतली आणि नंतर विद्यापीठातच देखभाल-दुरुस्तीच्या कामावर राहिला. पाना-पक्कड घेऊन काम करायचं आणि उरलेल्या वेळात पळायचं, असे ते दिवस.

2008 च्या शिकागो मॅरेथॉनला त्याचं नाव निमंत्रित धावपटूंत नव्हतं. मोठ्या मॅरेथॉनमध्ये निवडक धावपटू आधी सुटतात आणि बाकीचे हजारो मागून. त्या वर्षी हा फरक पाच मिनिटांचा होता. कोरिर त्या हजारोंबरोबर सुटला. पुढे कोण आहे, किती वेगात आहे, आपण कितवे आहोत, यातलं काहीही त्याला दिसत नव्हतं. स्पर्धक नाही, वेग लावून देणारा कुणी सोबती नाही. शर्यत संपली तेव्हा त्याची वेळ 2 तास 13 मिनिटं 53 सेकंद होती, आणि सगळ्यांच्या वेळा लावल्यावर तो चौथा निघाला.

मी गटात हे सांगितलं तेव्हा हिंजवडीत नोकरी करणारा एक जण म्हणाला, "म्हणजे लपलेला हिरा." मला हे बरोबर वाटत नाही. हिरा पडून असतो, कुणी उचलला तर चमकतो. इथे माणसानं 42.195 किलोमीटर एकट्यानं मोजून पळून दाखवले आहेत. मागून सुटणाऱ्याला एक गोष्ट शिकावीच लागते. पुढच्याच्या पाठीकडे न बघता स्वतःचा वेग स्वतः धरायचा. ज्याला हे जमलं, त्याला कुणी निमंत्रण दिलं नाही तरी चालतं. पुढे निवडणुकीत काय झालं ते कळण्यासाठी मला ही शिकागोची शर्यत त्याच्या नंतरच्या बोस्टनमधल्या विजयापेक्षाही महत्त्वाची वाटते.

त्यानंतर दारं भराभर उघडली. 2009 मध्ये लॉस एंजेलिसची मॅरेथॉन 2:08:24 मध्ये जिंकली, 2010 मध्ये तीच पुन्हा. 2011 ला शिकागोत दुसरा, 2:06:15 मध्ये. ज्या शर्यतीत तीन वर्षांपूर्वी त्याला पुढच्या रांगेत जागा नव्हती, तिथेच. याच काळात कॅनडाची धावपटू तारा मके हिच्याशी लग्न झालं आणि दोघांनी मिळून गावाकडच्या मुलांच्या शिक्षणासाठी 'केनियन किड्स फाउंडेशन' ही संस्था चालवली. फी भरायची, शाळा टिकवायची, दवाखान्यासाठी पैसे उभे करायचे. बक्षिसाची रक्कम गावाकडे वळत होती, आणि तेव्हा निवडणुकीचं नावही नव्हतं.

16 एप्रिल 2012

आदल्या वर्षी बोस्टन मॅरेथॉनमध्ये केनियाच्याच जेफ्री मुताईनं 2:03:02 अशी अचाट वेळ दिली होती. 2012 ला उकाड्यानं सगळं उलटंपालटं केलं. पारा 31 अंशांच्या आसपास जाणार म्हणून आयोजकांनी नाव नोंदवलेल्यांना सांगून टाकलं की झेपणार नसेल तर यंदा पळू नका, तुमची जागा पुढच्या वर्षीसाठी धरून ठेवू.

पुणेकराला 31 अंश म्हणजे काही विशेष वाटत नाही. एप्रिलमध्ये इथे दुपारी चाळिशी गाठते. पण आपण पळतो पहाटे. बोस्टनची शर्यत तेव्हा सकाळी दहाला सुटायची. हॉपकिंटन गावातून निघून दोन तासांनी, भर बाराच्या उन्हात, शहरात शेवट. मध्ये न्यूटनचे चढ. कात्रज घाटाच्या पायथ्याशी मे महिन्यात अकरा वाजता पळायला सांगितलं तर काय होईल, तसा तो दिवस समजा.

मुताईला पोटात गोळे आले आणि त्यानं शर्यत सोडली. पुढच्या काही जणांनी चढावर जोर लावला आणि कोरिर बराच मागे पडला. एका टप्प्यावर तो विजेत्यांच्या गणतीतही नव्हता. त्या दिवशी त्याचं लक्ष क्रमांकापेक्षा पाण्यावर होतं. प्रत्येक टेबलाशी पाणी घ्यायचं, अंगावर ओतायचं, शरीर तापू द्यायचं नाही. आमच्या पोरांची ठाम समजूत आहे की पाण्यासाठी वेग कमी केला म्हणजे दोन सेकंद गेले, म्हणजे हरलो. म्हणून मी फळ्यावर आकडे लिहिले. मुताईचा 2011 चा सरासरी वेग किलोमीटरमागे 2 मिनिटं 55 सेकंद. कोरिरचा 2012 चा विजयी वेग 3 मिनिटं 9 सेकंद. दर किलोमीटरला चौदा सेकंद हळू पळूनही तो जिंकला, कारण त्या उन्हात जिंकण्याचा वेग तोच होता. पुढचे एकेक जण वितळत गेले. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये त्यानं लेवी मातेबोला गाठलं आणि 2:12:40 ला फीत तोडली. मातेबो 26 सेकंदांनी मागे राहिला.

पहिल्या क्रमांकाचं बक्षीस दीड लाख डॉलर होतं. तो पैसा गावच्या दवाखान्याच्या कामी लावायचं त्यानं बोलून दाखवलं.

आमच्या गटातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकूंनी इथे एक प्रश्न विचारला, तो अजून माझ्या डोक्यात आहे. त्या म्हणाल्या, "दवाखाना त्याच्या बक्षिसातून झाला, तर सरकार कशाला हवं? आणि सरकारनं करायचं असेल, तर त्याचं बक्षीस कशाला हवं?" मला वाटतं, नेमका हाच प्रश्न कोरिरला पडला असणार. दान करणाऱ्या माणसाच्या पायात जोर आहे तोवर दान चालतं. धावपटूचे पाय दहा-बारा वर्षं चालतात, दवाखाना चाळीस वर्षं चालावा लागतो. स्वतःच्या पैशानं गावाचं किती करणार, याला मर्यादा आहे हे एकदा कळलं की माणूस अंदाजपत्रकाकडे वळतो. अंदाजपत्रक असतं संसदेत.

पक्षाशिवाय

4 मार्च 2013 ची केनियाची निवडणूक साधी नव्हती. आधीच्या, डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर झालेल्या हिंसाचारात हजाराहून जास्त माणसं मेली होती आणि सर्वांत मोठी झळ रिफ्ट व्हॅलीला, म्हणजे कोरिरच्याच भागाला लागली होती. त्यानंतर 2010 मध्ये नवी राज्यघटना आली, 47 काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखे विभाग, झाल्या. आपल्या मुद्द्याच्या दृष्टीनं त्या घटनेतला एक बदल फार मोठा आहे. आधी केनियात खासदारकीला उभं राहायचं तर पक्षाचं तिकीट लागायचंच. नव्या घटनेनं अपक्ष उभं राहण्याची मुभा दिली. म्हणजे कोरिर चार-पाच वर्षं आधी राजकारणात आला असता, तर त्याच्यासाठी ही वाटच नव्हती.

त्या भागात तेव्हा तिथले मोठे नेते विल्यम रुटो यांच्या पक्षाची लाट होती. जमातीचं राजकारण, पक्षाचं तिकीट म्हणजे निम्मी निवडणूक, हे चित्र आपल्याला परकं नाही. बोस्टनचा आणखी एक विजेता, 2000 साली जिंकलेला एलिजा लगाट, त्याच निवडणुकीत त्याच लाटेच्या पक्षाकडून चेसुमेईमधून निवडून आला. एकाच संसदेत बोस्टन मॅरेथॉनचे दोन विजेते, एक पक्षाचा आणि एक अपक्ष. लगाटची वाट चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण चेरांगानीत कोरिरनं विद्यमान खासदार जोशुआ कुटुनी यांना हरवलं ते पक्षाच्या झेंड्याशिवाय. साऱ्या देशात असे अपक्ष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निवडून आले.

आता नीट बघायला हवं. बोस्टन जिंकला म्हणून तो खासदार झाला, असं सर्रास म्हटलं जातं. केनियाच्या त्या पट्ट्यात मॅरेथॉन जिंकणाऱ्यांची वानवा नाही. किताले, एल्डोरेट, इटेन या बाजूला गल्लोगल्ली विजेते सापडतील. नुसत्या पदकावर मतं मिळाली असती तर ती संसद धावपटूंनी भरून गेली असती. कोरिरकडे पदकाच्या जोडीला काय होतं? ज्यांची फी त्यानं भरली ती मुलं होती, त्यांचे आईबाप होते, आणि हा पैसा खाणारा माणूस नाही, याला पैशाची गरज नाही, हा विश्वास होता. निवडणुकीच्या आधी उभं राहिलेलं काम आणि निवडणुकीसाठी उभं केलेलं काम यातला फरक लोकांना बरोबर कळतो. आमच्या पुरंदरच्या मुलाला मी हेच विचारलं, "पदक सोडलं तर गाव तुला कशासाठी ओळखतं?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आबांमुळे." त्याचं हे उत्तर मला आवडलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

खासदार धावतो

28 मार्च 2013 ला नव्या संसदेचा शपथविधी झाला आणि 15 एप्रिलला कोरिर बोस्टनला पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर होता. मध्ये अडीच आठवडे. अंतिम रेषेजवळ दुपारी बॉम्बस्फोट झाले तो हाच दिवस. पुढचे धावपटू तोवर शर्यत संपवून गेले होते. त्या शर्यतीत कोरिर पाचवा आला, 2 तास 12 मिनिटं 30 सेकंदांत.

ही वेळ 2012 च्या विजयी वेळेपेक्षा दहा सेकंदांनी सरस आहे. दहा सेकंद जास्त जोरात पळून तो पहिल्याचा पाचवा झाला. मी हे सांगितल्यावर पोरं हसली, पण मला हे सगळ्या प्रकरणातलं मर्म वाटतं. धावपटूला वाटतं की घड्याळ खरं बोलतं. निवडणुकीत आणि शर्यतीत दोन्हीकडे तुमची जागा तुमच्या वेळेवर ठरत नाही, त्या दिवशी हवा कशी होती आणि बरोबर कोण होतं यावर ठरते. 2013 ची लाट ओलांडून येणं ही तापलेल्या दिवसाची शर्यत होती. दुसऱ्या हवेत तेच पाय, तोच दम, आणि क्रमांक मात्र वेगळा.

खासदारकीत तो काय करत होता? केनियात तेव्हा प्रत्येक मतदारसंघाला विकासनिधी मिळायचा. 2003 च्या कायद्यानं सुरू झालेली ही योजना, सरकारी महसुलाचा किमान अडीच टक्के हिस्सा तिच्यात जायचा, आणि त्यातून वर्गखोल्या, दवाखाने आणि गरीब मुलांच्या फी दिल्या जायच्या. आपल्याकडे आमदार निधी रस्त्याच्या फलकावर दिसतो, तिथे खासदाराच्या दारात सकाळी फीचा कागद घेऊन आई उभी असते. अंत्यविधीला वर्गणी, शाळेच्या कार्यक्रमाला वर्गणी, हे सारं खासदारानं द्यायचं अशी रीत आहे. फाउंडेशन चालवलेल्या माणसाला यातलं काही नवीन नव्हतं. पण फाउंडेशन चालवताना कुणाला द्यायचं ते तो ठरवत होता. खासदार झाल्यावर ज्याला मिळालं नाही तो प्रत्येक जण विरोधक झाला. 2015 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं या निधीचा कायदाच घटनाबाह्य ठरवला आणि नवा कायदा करावा लागला. आपल्या मतदारसंघाच्या मुलांच्या फीचं काय, ही चिंता त्या काळात प्रत्येक खासदाराला असणार.

तो ज्या सभागृहात बसला त्याच्याबद्दल लोकांना राग होता तो वेगळाच. मे 2013 मध्ये, म्हणजे शपथ घेऊन दोन महिने होत नाहीत तोच, खासदारांच्या पगारवाढीच्या मागणीविरुद्ध निदर्शकांनी नैरोबीत संसदेसमोर डुकरं सोडली. पक्ष नसलेल्या खासदारालाही त्या रागातून सूट नसते. लोकांच्या नजरेत सगळे एकाच इमारतीतले.

धावणं मात्र सुटलं नाही. 2015 ला बोस्टनला पुन्हा पाचवा, 2016 ला चौथा. त्या वेळी तिसऱ्या क्रमांकापासून फक्त तीन सेकंद दूर. 2016 च्या रिओ ऑलिंपिकसाठी केनियाच्या तिघांत एल्युड किपचोगे आणि स्टॅन्ली बिवॉटबरोबर त्याचं नाव आलं. किपचोगेनं सुवर्ण जिंकलं, बिवॉट आणि कोरिर दोघांनाही शर्यत पुरी करता आली नाही. केनियातल्या व्यावसायिक धावपटूंची संघटना उभी करण्यातही तो पुढे होता. त्या वर्षांत उत्तेजकांच्या प्रकरणांनी केनियाचं नाव खराब झालं होतं आणि एप्रिल 2016 मध्ये संसदेला घाईनं उत्तेजकविरोधी कायदा करावा लागला, नाहीतर रिओचीच वाट अडली असती. धावपटूंच्या वतीनं बोलणारं कुणीतरी सभागृहात असण्याचा अर्थ अशा वेळी कळतो.

ऑगस्ट 2017 च्या निवडणुकीत चेरांगानीची जागा परत जोशुआ कुटुनी यांच्याकडे गेली.

तळजाईवरची वादावादी

तिसऱ्या रविवारी चांगलं तासभर भांडण झालं. हिंजवडीवाल्याचं म्हणणं असं की कोरिरनं चूक केली. पाच वर्षं एक तर पळायचं नाही, नाहीतर खासदार व्हायचं नाही. मॅरेथॉनच्या तयारीला आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर पळावं लागतं, त्यावर झोप, विश्रांती. नैरोबीपासून किताले पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. हे सगळं करून मतदारसंघ कधी बघणार? त्याच्या मते 2017 ला जागा गेली ती याचमुळे.

माझं मत वेगळं आहे, आणि ते मी तेव्हाही सांगितलं. 2017 ला लोकांनी नेमक्या कशासाठी मत दिलं हे पुण्यात बसून कुणी सांगू नये. पण धावणं चालू ठेवणं ही मला त्याची सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. पक्ष नसलेल्या माणसाचं स्वातंत्र्य त्याच्या स्वतःच्या मिळकतीवर टिकतं. ज्या दिवशी त्याचं घर खासदारकीवर चालायला लागतं, त्या दिवशी तो पुढच्या तिकिटासाठी कुणाच्या तरी दारात उभा राहतो. धावण्यानं त्याला जाण्यासाठी दुसरं घर ठेवलं. हरला तर तो परत धावपटू होता, माजी खासदार एवढीच ओळख घेऊन हिंडायची वेळ आली नाही.

काकूंनी इथे मला गाठलं. म्हणाल्या, "त्याला परत जायला धावणं होतं. आपल्या पोराला काय आहे?"

खरंच होतं ते. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला निवडणूक लढवता येत नाही. त्याला आधी राजीनामा द्यावा लागेल, हरला तर खाकी परत मिळणार नाही. आपल्याकडे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागा आहेत, आणि ग्रामीण मुलांच्या धावण्याचा सारा अर्थच त्या पाच टक्क्यांत साठलेला असतो. शाळेच्या मैदानापासून पहाटेची पायपीट सुरू होते ती भरतीसाठी. कोरिरचं धावणं त्याला मोकळं करत होतं. आमच्या मुलाचं धावणं त्याला नोकरीला बांधून देत होतं. दोघांची शर्यत एक, पण खालची जमीन वेगळी, हे माझ्या मांडणीत सुटलं होतं आणि ते काकूंनी पकडलं.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं हे खरं, पण पॅनेल म्हणजे पक्षच. खर्च जो करेल तो पुढची पाच वर्षं कामाच्या यादीवर बोट ठेवेल. अपक्ष उभं राहायचं तर भावकी दोन्ही बाजूंना फाटणार, आणि ज्यांच्या ओळखीवर तो उभा राहणार ते आबाच मधे सापडणार. हे सगळं त्यानंच आम्हाला सांगितलं, आम्ही नाही.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तो तालुक्याला गेला नाही. आबा आठ-दहा दिवस त्याच्याशी धड बोलत नव्हते. दोन्ही पॅनेलवाल्यांनी निरोप पाठवला की पोरगं घाबरलं. निवडणूक झाली, एका पॅनेलचा माणूस सरपंच झाला, मतांचा फरक थोडका होता.

त्यानंतर त्यानं एक गोष्ट केली. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला तो रजा काढून गावाला गेला. त्याचं नाव गावच्याच मतदार यादीत आहे. सभेला मोजकी माणसं होती. त्यानं उठून विचारलं की शाळेच्या स्वच्छतागृहात पाण्याची जोडणी का नाही. मुली दुपारी घरी जातात आणि परत येत नाहीत, त्यात पळण्याच्या सरावाला येणाऱ्या चार मुली आहेत. त्यांची नावं त्यानं सांगितली. ग्रामसेवकानं इतिवृत्तात नोंद घेतली आणि त्यानं मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून आम्हाला पाठवला. निळ्या शाईतलं तिरकं अक्षर, ठराव क्रमांकाची जागा रिकामी.

पाणी अजून आलेलं नाही. पुढची ग्रामसभा 1 मे ला आहे. त्या दिवशी पुण्यात त्याला महाराष्ट्र दिनाचा बंदोबस्त असतो, म्हणून रजेचा अर्ज त्यानं मार्चमध्येच देऊन ठेवला आहे.